गोट्याच्या कापसातले छर्रे

दारव्हा, १९ नोव्हेंबर १९६१

मूर्तिजापूरच्या गाडीनं गोट्याचा कापूस आला एकदाचा. बिलावर ‘दगडी लोकर’ आहे, पण कापसाच्या जिनातले लोक हेच म्हणतात. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात म्हणे. माझ्या बॉयलरपासून गाठी बांधायच्या प्रेसपर्यंत वाफेची नळी जाते, तिला गुंडाळायचा. नळी रुईच्या गोदामातून जाते, म्हणून घाई.

जिनाच्या मालकांनी, शेठनी, पारख स्वतः केली. पोत्याच्या तोंडातून चिमूट काढली, दोन अंगठ्यांत धरून ओढली, कापसाची ओढतात तशी. “धागा लांब हाय. वजनदार बी हाय. उतरवून घ्या, वामनराव.” सही माझी.

२३ नोव्हें.

गुंडाळून झाला. वरून गोणपाटाचं टाट शिवलं. पोती झटकताना तळाशी छर्रे निघाले. काळे, काचेसारखे, मोहरीएवढे. ज्यांचे तंतू झालेच नाहीत असे थेंब. ओंजळभर नेऊन शे.ना दाखवले.

“कापसात सरकी नसते का?” हसले. मीही हसलो. नको होतं हसायला.

१ डिसें.

मला भीती होती तेच झालं. इंजिनानं नळी थरथरते, छर्रे खाली सरकतात. टाटाला खालून पोट सुटलंय आणि वरच्या अंगाला नुसतं टाट. हात लावला तर पोळला. करपल्याचा वास. चार हातांवर रुईचा ढीग.

शे. म्हणतात, “वजन तर पुरं होतं नं?” वजन छर्ऱ्यांचंच, शेठ! उष्णता अडवायचे ते तंतू, आणि तेच कमी. शेवटी म्हणालो, सरकीसकट गादी भरली तर निजाल का तिच्यावर? मग म्हणे, “त मंग काढून टाका सरकी.”

काढा म्हणे. जिनात घातला तर रोलर जातील.

२ डिसें.

कुसुमला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “रहीमचाचाले बलवा नं. त्याइच्यासारखं कोण पिंजते?” आमच्या गल्लीतला पिंजारी. आमच्या लग्नाच्या गाद्या त्यानंच पिंजल्या. इतकं सोपं, आणि मला सुचलं नाही.

५ डिसें.

नळीवरचा सगळा उतरवला. रहीमचाचा वजनकाट्याच्या छपरीत बसला. धनुकलीची तांत वाजायला लागली तसे छर्रे टपटप पडायला लागले, गारांसारखे. “वामन बेटा, या कापसाले जीव नाही. तुटून राह्यला.” छपरीभर चमचमती धूळ. माझं नाक चुरचुरलं, मी उठून वाऱ्याच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. त्याला उठ म्हणायचं मनातही आलं नाही.

तीन दिवसांचं काम आहे म्हणाला.

१२ डिसें.

नळी थंड! टाटावर हात ठेवून वीस मोजले. जिवात जीव आला. शे. सगळ्यांना सांगत होते, “आमच्या वामनरावाचं डोकं.” दुसऱ्या नळीसाठी आणखी पोती मागवली. त्याच व्यापाऱ्याकडून, कारण आता ‘आपल्याले इलाज माहीत हाय’.

२० डिसें.

चाचा आठ दिवस गल्लीत दिसला नाही म्हणून घरी गेलो. डोळे लाल, हात खाजवून खाजवून सोललेले. खोकला थांबत नाही. “जिंदगीभर कापसाची धूळ खाल्ली, बेटा. हे येगळीच हाय. निंगतच नाही.” चाचीनं त्याचा सदरा घरच्या कपड्यांत धुतला, तर आता नातवंडंही खाजवतात.

दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कसली धूळ? चाचा म्हणाला, “कापसाची, साहेब. पिंजारी हावो मी.” मी शेजारीच उभा. तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं असतं तर चौकशी जिनापर्यंत आली असती, आणि पोत्यांवर सही माझी.

आगीतून फुफाट्यात. फरक एवढाच की आग माझी होती आणि फुफाट्यात तो.

२१ डिसें.

कुसुमला दवाखान्याचं सांगितलं. ती ताट वाढून आत गेली.

८ जानेवारी १९६२

पोती आली. शेठनी चिमूट ओढली नाही, नुसतं उचलून पाहिलं. जड. “चाचाले निरोप धाडला हाय मी.”

मी दोनदा म्हणालो, शेठ, तो माणूस आजारी आहे. “मंग दुसरा पिंजारी पाहा. पिंजाऱ्याइचा काय तोटा?” कसल्या धुळीनं आजारी, ते तिसऱ्यांदा सांगणार होतो. बॉयलरची शिट्टी झाली, गेलो.

९ जाने.

सकाळी साडेआठ. चाचा आला. खांद्यावर धनुकली, तोंडाला फडकंही नाही. फाटकापासून छपरीपर्यंत येताना दोनदा थांबून खोकला. शेठ ओट्यावर बसलेत. माझ्याकडे बघून चाचा हसला. “वामन बेटा, कुठी बसू?”

चष्मा आणतो म्हणून आत आलोय. चष्मा डोळ्यांवरच आहे. बाहेर अजून तांत वाजलेली नाही. तो मी सांगायची वाट बघतोय.