देवीच्या साडीसाठी हैदराबाद

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकले!

देवीची यंदाची शिमग्याची साडी आम्ही बायका आणणार. देवळात, सगळ्या वाडीसमोर ठरलं. आजवर हा मान मुंबईकर मंडळाचा. मंडळ म्हणजे महेंद्रभावजी, माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. दादरला एका दुकानात शिरणार, पाच मिनिटांत हाताला लागेल ती उचलणार, आणि पिशवीतून आणून देवीपुढे ठेवणार. गेल्या वर्षीचा रंग तर विहिरीतल्या शेवाळासारखा! पालखी दारात आली की देवीच्या मुखवट्याखाली साडीच तर दिसते. मला रडू आलं होतं.

म्हटलं, देवी बाई आहे, तिची साडी बायकांनी बघावी. महेंद्रभावजी मुंबईहून फोनवर हसले. "आणा, आणा, वैनी. पण नियम ठाऊक हायत ना? नऊवारी हवी. काळा धागा नको. आणि बाईच्या अंगाला लागलेली चालायची नाय, एकदम कोरी. चुकलात तर पुढच्या वर्षापासून परत आमी." मी म्हटलं, कबूल. चुकायला आम्ही काय तुम्ही आहोत?

८ फेब्रुवारी

अंगणवाडीतून आठवड्याची रजा मिळाली. जायचं हैदराबादला! मृणाली तिथे नोकरी करते, तिची खोली आहे, वर्षभर "आई, ये ना" चाललंय. तिथल्या गदवाल साडीचं तिनेच डोक्यात भरवलं — सुती अंग, रेशमी काठ, आणि नऊवारी मिळते.

बरोबर दोघी. एक सीता, माझी शेजारीण. नवरा वारला तेव्हा सव्वीस वर्षांची होती, त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून फिकट साड्या. हिला रंगातलं काय कळणार, असं कोणीतरी म्हणालंच. मुद्दाम तिलाच घेतलं. दुसरी गोदूबाई, वय चौऱ्याहत्तर, तीही विधवा. देवळाचे सगळे रीतिरिवाज तिला तोंडपाठ, आणि दुसऱ्याचं चुकलं की तिच्या अंगात बळ येतं. ती बरोबर असली म्हणजे कोणी बोट ठेवायला नको.

१० फेब्रुवारी, सोमवार

पालीहून एसटीने कोल्हापूर, तिथून पुढची बस. पोचलो! गोदूबाईने पिशवीतून सुका जवळा आणलाय, मृणालीसाठी. अख्ख्या बसला वास. पुढचा माणूस सारखा मागे वळून बघत होता. गोदूबाई त्याला म्हणाली, "काय रे, भूक लागली?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोवळकोंडा. गाईड म्हणाला, या दरवाजात टाळी वाजवली की वर टोकाला ऐकू जाते. मृणाली आणि सीता वर चढल्या, मी आणि गोदूबाई खाली. मी टाळी वाजवली. वरून मृणालीचा फोन — "आई, ऐकू आली!" गोदूबाईचा विश्वास नाही. म्हणाली, फोनवर ऐकू आली असेल. मग फोन बंद ठेवून तिने स्वतः टाळ्या वाजवल्या, पालखीपुढे वाजवते तशा, दणदणीत. सीता खाली आल्यावर म्हणाली, "सात होत्या." बरोबर सात! गोदूबाई दिवसभर खुशीत.

रिक्षावाला आम्हाला "अम्मा, किधर कू जाना?" म्हणतो. मी आता नको म्हणायचं तिथे "नक्को" म्हणते. दोन दिवसांत हैदराबादी झाले!

१२ फेब्रुवारी, बुधवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

सकाळी चारमिनार. जिना एवढा अरुंद की गोदूबाई मध्येच अडून बसली आणि मागे वीस माणसं. पण चढली. वरून सगळा बाजार पायाशी. मग लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. दुकानदार भाव उतरवेना, मी उठले, तीन दुकानं पुढे गेले, तो मागून धावत आला. मृणाली म्हणते, आई, तुला इथे ठेवून घ्यायला हवं.

मग साड्यांचा बाजार. पहिल्या चार दुकानांत मन भरेना. एकात तर नऊवारी म्हटल्यावर पोरगा तोंड बघत राहिला. पाचव्यात एक म्हातारा सेल्समन. त्याने काही विचारलं नाही, खालच्या कप्प्यातून एक घडी काढली. हळदीचा पिवळा — बाजारातल्या पुडीचा नव्हे, ओल्या हळकुंडाचा. काठ डाळिंबी, वर जरीची कोयरी.  घासाघीस करणारी मी, मुकाट पैसे दिले.

इराणी चहा प्यायलो. आज मी देशातली सगळ्यात शहाणी बाई आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सालारजंग म्युझियम. बारा वाजता घड्याळातून एक छोटा माणूस बाहेर येतो, ठोके देतो, आत जातो. त्यासाठी दोनशे माणसं खाली बसून वाट बघतात. गोदूबाई म्हणाली, "एवढंच?" आणि एकच्या ठोक्यासाठी पुन्हा बसली.

काल एक गोष्ट लिहिली नाही. लिहूनच टाकते.

तो म्हातारा सेल्समन. गोदूबाई दाराशी बाकावर पेंगत होती, मृणाली फोनवर. त्याने साडी उलगडली आणि पटकन सीतेच्या खांद्यावर टाकली. "देखो अम्मा, कैसी दिखती!" पदर काढला, निऱ्या धरल्या, आरशासमोर उभं केलं. त्याला काय ठाऊक. तो रोज असंच करतो.

मला नियम आठवला. तेव्हाच आठवला! जिभेवर आलं होतं, काढ म्हणून. पण सीता आरशात बघत होती. काय दिसत होती! तिने खांद्यावरचा काठ दोन बोटांनी सरळ केला. एकोणीस वर्षांत मी तिला स्वतःकडे बघताना पाहिलेलं नाही. मी गप्प बसले. किती वेळ, ते माहीत नाही. मग तिलाच आठवलं, आणि विंचू चावल्यासारखी तिने साडी काढली.

दुसरी तशी होती का? विचारलं. नव्हती. विणकर एकच विणतो म्हणाला. बाकीच्या काढल्या त्याने, दहा-बारा. पण ही बघितल्यावर त्यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, हीच द्या.

परतताना रिक्षात सीतेने साडीची पिशवी माझ्या मांडीवर सरकवली, स्वतःकडे घेतली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी. देवळात साडी उघडली. बायकांचा "अगो बाय!" असा एकच आवाज. पुरुषसुद्धा पुढे सरकले. महेंद्रभावजींना फोनवर दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग, "बरी हाय." बरी! त्यांच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं पदक.

गोदूबाईने सगळ्यांना गोवळकोंड्याच्या टाळ्या वाजवून दाखवल्या. आता सात नव्हे, वीस झाल्यात.

४ मार्च, मंगळवार

फाकपंचमी. शिमगा लागला. सीता दुपारी आली, अंगणात उभी राहिली, आत येईना. "स्वप्ना, मना झोप नाय. देवीला अंगावरची साडी नेसवायची? मी सांगतंय सगळ्यांना."

मी चिडले. म्हटलं, सांग! मग पुढच्या वर्षी महेंद्रभावजी शेवाळ घेऊन येतील. सगळ्या बायकांचा मान घालव. कोणाला कळलंय? मला आणि तुला. ती म्हणाली, "आनी तिला?" देवळाकडे हात केला.

मी दार लावून घेतलं. फार वाईट वागले. भांडी घासताना सगळी आपटली.

६ मार्च

गेले तिच्याकडे. म्हटलं, सांगू. पण तू नाही, मी सांगणार. माझं नाव घेऊन.

९ मार्च, रविवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

देवळात सगळे जमलेले. मुंबईकर कालच आले, महेंद्रभावजी पुढे बसलेले. पालखी सजवायची तयारी. मी उभी राहिले आणि सांगितलं, साडी दुकानात अंगाला लागली. माझ्या अंगाला.

 मग महेंद्रभावजी — "बघा. म्हणून सांगत होतो." मग एकदम सगळे बोलायला लागले. गोदूबाई तर उठलीच. "मी बसलेली असताना? माझ्यासमोर? मना सांगितलं नायत?" तिचा चेहरा बघवत नव्हता.

आणि सीता उठली. सगळ्यांच्या मागे होती. "खोटं बोलतेय ती. माझ्या अंगाला लागली. मी काढली नाय लगेच. आरशात बघत होते."

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे विधवा —" वाक्य पुरं केलं नाही. सगळ्यांना कळलं. सीतेने मान खाली घातली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

देवीचे पुजारी आप्पा गुरव पुढे आले. म्हणाले, "तुमी का भांडताव? जिची साडी तिला विचारूया." कौल लावायचा. दोन भिजवलेल्या कळ्या त्यांनी देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर साडी चालते. डावी पडली तर परत, आणि आमचा मानही परत. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं. काहीही लपवलं नाही — बाई कोण, कशी, किती वेळ.

कळ्या हलेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं.  सीता एकटक बघत होती.

उजवी पडली.

टपकन! बायका ओरडल्या. कोणी रडलं, कोणी हसलं. सीता खालीच बसली. महेंद्रभावजींनी टोपी काढली आणि परत घातली. आणि मला काय सुचलं कोण जाणे, गर्दीतून पुढे गेले. "आप्पा, आणखी एक विचारा. दर वर्षी साडी आधी गावातल्या एका बाईने नेसायची, मग देवीला. चालेल का तिला?"

"वैनी, हे जास्ती होतंय," महेंद्रभावजी म्हणाले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, सीतेकडे बघितलं, आणि नवी कळी भिजवली.

त्यांचा हात मागे यायच्या आत उजवी पडली!

मी नाचले. देवळात. एकोणपन्नास वर्षांची अंगणवाडी सेविका! नाचले.

फक्त गोदूबाई कोणाशी न बोलता घरी निघून गेली. हाक मारली, थांबली नाही.

१० मार्च

गोदूबाईकडे गेले. दार उघडलं नाही. "रीत मोडलीत," एवढंच आतून.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पालखीत देवी पिवळ्या साडीत. पोरं पालखी नाचवत होती तेव्हा डाळिंबी काठ असा झळकायचा! पाहुणे विचारत होते, कुठली साडी? मी प्रत्येकाला सांगितलं. दोनदोनदा.

गोदूबाई आली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१४ मार्च

पुढच्या वर्षी साडी आधी कोण नेसणार, त्याची नावं लिहायला आज दुपारी बसले. एकही बाई पुढे येईना. लाजत होत्या.

संध्याकाळी गोदूबाई काठी टेकत आली. बसली नाही. म्हणाली, "लिही माझं."