वळू परत पाठवताना

नारीन, १४ एप्रिल

सन्मान्य व्याही ओरोझबाय यांस सागिनबेकचा सादर सलाम.

गुरं कुशल? माणसं कुशल? आधी गुरं विचारली. पूर्वजांचा क्रम मोडणारा मी कोण? इकडे बर्फ ओसरलं, गाई दुधावर आहेत. आमच्या मंडळींची प्रकृती उत्तम असून सध्या माझ्या पथ्यपाण्यावर त्यांचंच राज्य आहे. पथ्य कशाचं, ते ओघानं येईल.

प्रथम आपण लग्नात दिलेल्या वळूविषयी. असा वळू पंचक्रोशीत नाही. मान, छाती, वंश, सर्व काही यथाशास्त्र. स्वभाव किंचित उत्साही. त्यानं गोठ्याचं फाटक उखडलं, पण ते जुनंच होतं. दुधाचे कॅन शिंगांवर घेतले, तेव्हा आम्ही त्याला खेळकर म्हटलं. व्याह्यांच्या आहेरातल्या जनावराला दुसरं विशेषण लावायचं तरी कोणतं?

आमच्याकडे धारा काढणाऱ्या बायकांची म्होरकी काकेन हिला मात्र विशेषणांचं वावडं आहे. ती म्हणाली, "मालक, तुम्हाला व्याह्यांची भीती, आम्हाला वळूची. तुमच्या व्याह्यांना शिंगं तरी नाहीत."

"अगं, मिळालेला आहेर परत करायचा नसतो."

"मग त्याच्या आणि आमच्या मध्ये तुम्ही उभे राहा. आम्ही बिनघोर धारा काढू."

असा विनोद करू नये. गेल्या शुक्रवारी मी हौदाशी वाकून पाणी बघत होतो. वळूनं दावं तोडलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या लेकीनं, जिपारानं, ते गोठ्यातून पाहिलं. पण आपण तिला वाढवलंय कसं, ते आपणच आठवा. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आवाज चढवायचा नाही, वडीलधाऱ्याला पाठीमागून हाक मारायची नाही. सबब ती धारेची बादली हातात घेऊन अख्ख्या अंगणाला वळसा घालून माझ्यासमोर आली. लवून सलाम केला. प्रकृती विचारली. मग हळूच म्हणाली, "मामंजी, आपण रागावणार नसाल तर एक सांगू का?"

"सांग, बाळ."

"बाबांचा वळू आपल्या पाठीशी आहे."

हे वाक्य संपलं तेव्हा मी हौदाच्या पलीकडे होतो. दोन बरगड्या मोडल्या. पथ्य त्याचंच.

एवढ्यावर निभावलं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. बरगड्या माझ्या, आहेर आपला. गिळून टाकलं असतं. पण नंतर तो तिच्याकडे वळला. मी चिखलात पडून होतो, मला उठता येईना. पोरीनं भरली बादली त्याच्या तोंडावर फेकली आणि गवताच्या गंजीआड उडी मारली. तिला खरचटलंही नाही. काकेननं दांडकी घेऊन वळूला हाकललं. जिपारा दुधानं निथळत हसली, मग मटकन खाली बसली, आणि बराच वेळ तिचे पाय थरथरत होते. व्याही, ते पाय मी पाहिले.

त्या दिवसापासून गोठ्यात मर्यादा स्थगित आहे. ज्याला धोका दिसेल त्यानं नाव घेऊन ओरडायचं, समोर सासरा असो की गावचा मुल्ला. जिपाराची पहिली हाक कोंबड्यांनाही ऐकू गेली नाही. काल मात्र "सागिनबेक!" अशी गर्जना झाली की सौभाग्यवतींच्या हातून चहाची किटली सुटली. आता त्याही सराव करू लागल्या आहेत. वळू जवळपास नसताना.

हे पत्र देणारा ट्रकवाला आपल्या दारात उभा असेल. मागे आपला वळू आहे, दोन दाव्यांनी बांधलेला. आहेर परत करणं हा अपमान आहे, हे मी जाणतो. म्हणूनच इतका वेळ हवापाणी सांगत बसलो. उतरवताना कोणी एकट्यानं हात लावू नये, आणि आपण तर समोर मुळीच उभे राहू नये.

आधी जिपाराचा बाप म्हणून वाचा. व्याही म्हणून मागाहून खुशाल रागवा.

आपल्या लेकीचा सासरा,
सागिनबेक