दर्पणसाठी चार चाकं

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही घेतली. बरं झालं नाही घेतली!

सकाळीच चिंचणीला गेले होते. बबलू तिथे किनाऱ्यावर चार चाकांच्या क्वाड बाईकवरून लोकांना फेऱ्या मारून आणतो आणि जुन्या झालेल्या गाड्या विकतो. "मॅडम, हसबंड के लिए?" म्हणे. नवरा असता तर त्याला असलं खेळणं आणून दिलं असतं होय मी! भावासाठी, म्हटलं.

ओहोटी लागलेली. ओली वाळू फरशीसारखी टणक. लाल गाडी त्यावर अशी सुसाट गेली की मला वाटलं, झालं काम. मग डोकं चाललं. म्हटलं, आता तिकडे सुरूच्या झाडांकडे ने, कोरड्या वाळूत. मागची चाकं तिथल्या तिथे गरागरा फिरायला लागली आणि गाडी बुडाशी टेकली. बबलू उतरून ढकलतोय! "उधर कोई नहीं चलाता, मॅडम. ट्रायल सब लोग ओहोटी में ही लेते हैं." घेतातच, कारण तू त्यांना त्याच वेळी बोलावतोस. वाकून खालची चौकट नखानं खरवडली तर गंजाचे पापुद्रे हातात आले. खाऱ्या पाण्यानं पार खाल्लेली.

बबलू मात्र चिडला नाही. उलट विचारलं, "पहले ये बताओ, चलाना किधर है? जमीन देख के गाड़ी लेते हैं." बरोबर आहे त्याचं. डोंगरावर चालवायची, म्हटलं.

८ नोव्हेंबर

दर्पण आज पण अर्धी भाकरी टाकून उठला. उठला म्हणजे काय, भिंतीकडे तोंड केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फर्स्ट शिफ्ट. लॅबमध्ये आज नमुने कमी होते, म्हणून डोक्यात नुसता दर्पण.

गेल्या वर्षी आमच्या पाड्याच्या वरच्या माळावर पडला. पोरं तिथे बाईक उडवायला जायची, हा तर त्यातला राजा. मी कधी गेले नव्हते तिकडे. मला सरावलीहून कंपनीत आणि कंपनीतून सरावलीत, एवढंच जग. त्या दिवशी एकटाच होता. उतारावर चाक घसरलं, म्हणाला, आणि खाली जुन्या खदानीत गेला. खुबा मोडला. डावा पाय आता काठीशिवाय धड टाकता येत नाही, वर उचलत तर नाहीच. दोन चाकांवर तोल जमणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग मी त्याला आणि आईला माझ्या खोलीवर आणलं.

तो पडला त्या दिवसापासून आई एकच बोलते — "जागाच वाईट हाय ती. पोराला तिनं वढला." नारळ ठेवला, कोंबडा दिला, आणि घरातल्या सगळ्यांना शपथ घातली की माळावर पाय ठेवायचा नाही. पाड्यावरचे पण त्या बाजूला जात नाहीत आता. गुरंसुद्धा दुसरीकडे नेतात.

मला नाही पटत. जमिनीचा काय दोष? जिथे पडला तिथेच त्यानं परत गाडी चालवायची. चार चाकं असली की तोलाचा प्रश्न नाही. तो पूर्वी गाडीवरून उतरायचा तेव्हा धुळीनं माखलेला असायचा आणि बडबड बडबड! तो दर्पण मला परत पाहिजे. बस. दुसरं काही मागत नाही मी कोणाकडे.

१२ नोव्हेंबर

आईला सांगितलं. भांडण. "येडी झालीस का गं?" झाले, म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पालघरच्या पुढे एका फार्महाऊसवर दुसरी गाडी बघितली. मालक मुंबईचा, दोन वर्षांत आलाच नाही. राखणदार सुकाकाका आमच्याच बाजूचे निघाले. गाडी अशी चकचकीत की आरसा नको! "निस्ती हिरवळीवर फिरवली हाय पोरी, दगूड म्हाईत नाय हिला."

तेच तर दुखणं. टायर गुळगुळीत, बूड जमिनीला टेकायला आलेलं. डोंगरावर पहिल्याच धोंड्याला घासेल. शिवाय गिअर डाव्या पायानं टाकायचा! बसून डावा पाय तसाच लोंबता ठेवला आणि चालवून बघितली. पहिल्या गिअरातच रडत राहिली ती. मी पण रडले थोडी, हेल्मेट होतं म्हणून काकांना दिसलं नाही.

घरी येऊन दर्पणला सगळं सांगितलं. भिंतीकडे बघूनच म्हणाला, "नको ताई. कशाला?"

मी म्हटलं, एवढंच सांग, तिथली जमीन कशी आहे?

भिंतीकडेच बघत — "उतार हाय. मुरूम. सुटा."

उतार कसा? सरळ का वळणाचा?

"वळणाचा."

चार शब्द बोलला! वर्षभरात पहिल्यांदा गाडीबद्दल चार शब्द. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. आईला वाटलं पगार वाढला.

१७ नोव्हेंबर

लॅबमधल्या वर्षाराणीला सांगितलं. ती कोल्हापूरकडची, मोटार गॅरेजवाल्या घरातली. म्हणाली, अगं, सुट्या मुरमाच्या उताराला खोल नक्षीचे टायर लागतात, आणि पुढची चाकं धरून हलवून बघ, खडखडली तर सोडून दे. आणि मग हळूच, "हेतल, पण त्याला पाहिजे आहे का?"

राग आला मला. त्याला काय पाहिजे ते मला कळत नाही का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बबलूचा फोन. एका डोंगरातल्या रिसॉर्टची गाडी आलीय — समुद्र बघितलेली नाही, गंज नाही. हलकी, मागच्या दोन चाकांवर चालणारी, बूड उंच, टायर खोल नक्षीचे. आणि मुख्य म्हणजे गिअर हातानं टाकायचा दांडा बसवलेला! मी बोईसरच्या बाजारात उभी राहून "काय सांगतोस!" असं ओरडले. भाजीवाली हसली.

जाऊन बघितली. पुढची चाकं हलवली — घट्ट. साखळीच्या चक्राचे दात शाबूत. धूर नाही. हवेच्या फिल्टरच्या डब्यात वाळूचा कणही नाही. मन म्हणालं घे. पण चिंचणीची वाळू आठवली, म्हटलं ट्रायल तिथेच, माळावरच. रस्त्यावर ही गाडी चालवता येत नाही, म्हणून बबलू टेम्पोत घालून आणेल. "उतार पे देख लेंगे मॅडम, टेन्शन नहीं."

दर्पणला सांगितलं, पुढच्या शुक्रवारी माळावर नेऊन बघतेय. एकदम उठून बसला. "तू नको जाऊस तिकडं."

आईचं वारं लागलं का तुला पण? — मी.

"ताई, नको जाऊस!" मनगट धरलं त्यानं माझं. घाबरतो बिचारा. गाडी आली की जाईल भीती.

२५ नोव्हेंबर

तीन दिवस बोलला नाही माझ्याशी. मी पण नाही. घरात आई एकटीच भांड्यांशी बोलते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय लिहू?

आईला कंपनीत जाते सांगून निघाले. बेटेगावच्या नाक्यावर बबलू टेम्पो घेऊन उभा होता. पाड्याच्या मागून वर चढलो. गवत वाळलेलं, माणूस नाही, गुरं नाहीत. बबलूनं गाडी उतरवली, चालू केली, चारी बाजूंना बघितलं आणि मला म्हणाला, "मॅडम, उतार किधर है?"

मी म्हटलं, असेल पुढे.

"ये तो मैदान है, मॅडम."

मीच बसले गाडीवर. पोरांच्या चाकांनी केलेली वाट अजून दिसते. सरळ. रुंद. मुरूम दाबून दाबून अंगणासारखा झालेला. वळण नाही. उतार नाही. एक सुटा खडा नाही! त्या वाटेवर माझी स्कूटी पण चालली असती. आणि शेवटी खदानीची कड. लांबूनच दिसते. किती आधीपासून दिसते! मी सहज ब्रेक लावला, गाडी सहज थांबली. अजून बरीच जागा होती पुढे.

आई म्हणते वाईट जागा. पाडा म्हणतो वाईट जागा. म्हणून वर्षभर कोणी इथे आलंच नाही, कोणी बघितलंच नाही. मी पण एवढी शहाणी, पायाखालची जमीन बघायची सोडून त्यानं सांगितलेल्या उतारासाठी गाडी शोधत फिरले.

बबलू विचारत होता, पसंत आहे का? गाडी चांगलीच आहे रे बाबा. गाडीत काही खोट नाही. परत घेऊन जा, म्हटलं. त्यानं बाटलीतलं पाणी दिलं मला.

घरी आले. दर्पण जागा होता, माझ्या चपलांवरचा लाल मुरूम बघत होता. आई समोर होती, म्हणून काही विचारता आलं नाही. मला त्याच्याकडे बघवेना. ह्या पोराच्या हातात मी परत गाडी देणार होते, त्याच माळावर!

२९ नोव्हेंबर

आज कामावर गेले नाही. आई बाजारात गेली तेव्हा त्याच्याजवळ बसले. ब्रेक लागला नव्हता का रे, विचारलं.

"लागत होता ताई. मी लावलाच नाय."

डाव्या हातात त्याचा हात धरून लिहितेय. सोडणार नाही.