आजोबा आता ताटं घासत नाही

प्रिय दादा,

नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि बीजगणित यंदा डोक्यात शिरत आहे. आईला एवढंच वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे?

वसतिगृहात आम्हा नापासांचा एक नियम आहे. जेवताना जो 'पुढच्या वर्षी' म्हणेल, त्याने सगळ्यांची ताटं घासायची. माझ्या खोलीतला मुलगा तिसऱ्यांदा दहावीला बसला आहे, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणतात. तो रोज हरायचा. "पुढच्या वर्षी सायकलचं दुकान टाकतो, तुझं पंक्चर फुकट!" असं म्हणून हसत उठायचा.

गेला महिनाभर त्याने एकही ताट घासलेलं नाही. सायकल दुरुस्तीचे स्वतःचे पाने त्याने वाटून टाकले. सोमवारी स्वेटर मला दिला. "थंडीत तू काय घालशील?" असं विचारलं, तर म्हणाला, "मला नाही लागायची थंडी." रेक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षा आली की पोरं गंभीर होतातच."

काल मी मुद्दाम म्हटलं, "आजोबा, पुढच्या वर्षी आमच्या घरी राहायला ये." सगळे ओरडले, "घास ताटं!" मी घासली. तो शेजारी उभा राहून पुसत होता. शेवटचं ताट ठेवताना त्याने विचारलं, "तू नापास झालास तेव्हा तुझा दादा काय म्हणाला रे?"

ते तूच येऊन त्याला सांग. तोवर मी त्याला एकटं सोडत नाही. भेटीच्या रविवारची वाट पाहू नकोस.

तुझा,
धाकटा