स्वेटरवालीचं पान

आये, आज दुपारी कॉलेजची काही मुलं-मुली माझ्या शिवणाच्या दुकानात आली होती. थंडी पडायला लागली की शहापुरात दर वर्षी अशी मुलं फिरतात, पाठीवर गोणी टाकून. त्यातली एक म्हणाली, "काकी, जुने कपडे असतील तर दान करा ना. सिद्धगडाच्या पायथ्याला वाड्या आहेत, तिथल्या गरीब बायकांना वाटायचेत." मी त्याच वाड्यांपैकी एकीची आहे हे तिला कुठून कळणार? अंगावर बरी साडी आहे, डोळ्यांवर चष्मा आहे. मी हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि मग म्हटलं, "सध्या नाही गं काही." ती गेली आणि तेव्हापासून डोक्यात तूच आहेस. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो हसेल, आणि तो हसला तर मला राग येईल.

दान हा शब्द मी मोकळेपणी ऐकला तो आश्रमशाळेत गेल्यावर. अन्नदान, रक्तदान, श्रमदान. कुंपणासाठी ओढ्यातून दगड वाहायला लावायचे, तेही श्रमदानच, आणि वाहणाऱ्याला कुणी विचारायचं नाही. मुरबाडला तर भिंतीभिंतीवर तो शब्द रंगवलेला. आपल्या वाडीत मात्र तो सहसा कुणी तोंडात घेत नसे. शेजारणीला वाटीभर तांदूळ दिले तर "घे गो" एवढंच. दारात कुणी मागायला आलं तर पसाभर घालायचं, तो धर्म. दान म्हणजे एकच. माणूस गेलं की बाराव्याला त्याचं लुगडं, घोंगडी, तांब्या, कोयता, जे त्याच्या अंगाला-हाताला लागलेलं असेल ते घराबाहेरच्या, त्याच्याच वयाच्या माणसाला द्यायचं. घेणाऱ्याचं काम तिथे संपत नसे. त्याने त्या दिवशी त्या घरी जेवायचं आणि पुढे दर भादव्यात, पित्रांच्या पंधरवड्यात, गेलेल्याच्या नावाने एक पान वाढायचं. दान घेणं जोखमीचं होतं. लोक विचार करून हात पुढे करत.

आणि मग तो टेम्पो आला. मी सातवी-आठवीत असेन, दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. रस्ता संपतो तिथे टेम्पो थांबलेला, वाडीतल्या शाळेच्या गुरुजींनी सगळ्या वाडीला बोलावून उभं केलेलं. ठाण्याकडची माणसं होती, हसरी, घाईतली. कपाळावर तीळ असलेल्या एका बाईने तुझ्या हातात जांभळा स्वेटर ठेवला आणि म्हणाली, "दान आहे, घ्या." तू स्वेटर छातीशी धरलास आणि हळूच विचारलंस, "कोन गेला गो बाय तुमचा?" तिला वाटलं तू सोबतच्या लोकांचं विचारतेस. "कोणी गेलं नाही हो, सगळे इथेच आहेत," ती म्हणाली. तुला वाटलं दुःख ताजं आहे, तिला बोलवत नाही. तू तिला आपल्या ओट्यावर बसवलंस, चुलीवर गवती चहाची पात घालून कोरा चहा उकळलास, ती पिईपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिचं तिला ठाऊक, पण तुझी खात्री पटली. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तू वाटेकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "टेम्पो भरून वस्ता गो. एवढी मानसा एका टायमाला गेली. साथ आली आसंल तिकडं."

पुढच्या भादव्यात तू आजा-आजीच्या पानांशेजारी तिसरं पान मांडलंस. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून "स्वेटरवाली" म्हणून हाक घातलीस. पळसाच्या पानावर भात, भोपळ्याची भाजी, वडे, खीर. छपरावर ठेवलेल्या पानांतलं तिचं पान कावळ्याने सगळ्यांत आधी शिवलं. तू खूश झालीस. तो सबंध पावसाळा तो जांभळा स्वेटर तुझ्या अंगावर होता, लाकडं आणायला जातानाही.

त्यानंतरच्या थंडीत टेम्पो पुन्हा आला, माणसं मात्र दुसरी. तू पुढे होऊन त्यातल्या एका बाप्याला विचारलंस, "त्या तीलवाल्या बायच्या घरी आता बरा हाय ना? तिचा मानूस आमी जेवू घातला." त्याला काही उमजेना, म्हणून मी शाळेतल्या भाषेत समजावून सांगितलं. तो मोठ्याने हसला. "अहो आजी, मेलेल्यांचे कसे देऊ? आमचेच कपडे आहेत, धुऊन आणलेले. हा त्या बाईचाच स्वेटर असणार. नवीन घेतला असेल म्हणून हा देऊन टाकला." तू तेव्हा चाळिशीचीही नव्हतीस, पण त्यांना आपल्याकडची प्रत्येक बाई आजीच दिसते. तुला तेवढ्यात सगळं कळलं. तू अंगातल्या स्वेटरकडे बघितलंस. "जित्या बायला पान घातला मी. कावला शिवला." मग मान वर करून तू त्याला विचारलंस, ती या वर्षी का नाही आली? तो म्हणाला, "काय माहीत. आमच्यात लोक येतात, जातात." बिचाऱ्याने सहज सांगितलं.

जिवंत माणसाच्या नावाने पान घातलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे वाडीत सगळेच धरून चालतात. मी तुला म्हटलं, असं काही नसतं. तू म्हणालीस, "तुला काय ठावं." स्वेटर तू त्याच दिवशी अंगातून काढलास, घडी घालून करंडीत ठेवलास, आणि पुन्हा कधी घातला नाहीस. कितीही गारठा पडला तरी नाही. गुरुजींकडे तू किती खेपा घातल्यास. त्यांनाही त्या माणसांचा ठावठिकाणा माहीत नव्हता. पुढे टोकावड्याला रस्त्याकडेला काकड्या विकायला बसायचीस, तेव्हा तुझं लक्ष गिऱ्हाइकाकडे नसायचं. माळशेजला जाणाऱ्या गाड्यांतल्या बायकांची कपाळं बघायचीस. एकदा पाटी तशीच टाकून तू ढाब्यासमोर उभ्या असलेल्या एका बाईकडे धावलीस. मी मागून आले. ती नव्हती. पण त्या बाईने तुझी धाप, तुझं फाटकं लुगडं बघितलं आणि पर्स उघडली. तू दोन पावलं मागं सरलीस. "नको बाय," म्हणालीस, "तू बरी हास ना, तवढा बास." तिला वाटलं असेल, वेडी आहे. मला त्या बाईचा अजून राग येतो, आणि तिची काही चूक नव्हती हेही कळतं.

तू गेलीस तीही थंडीतच, छाती भरून. मुरबाडच्या दवाखान्यात शेवटी शेवटी तू माणसं ओळखत नव्हतीस, पण एकदा माझा हात धरून विचारलंस, "कलला का कायी त्या बायचा?" मी म्हटलं, "नाय गो." बाराव्याला शेजारच्या वयनीने तुझं लुगडं आणि तांब्या घेतला. ती अजून इमानाने तुझं पान वाढते. स्वेटर कुणी घेतला नाही. जितीची वस्त आहे, ती दान कशी करायची, असं वाडीने ठरवलं. तो माझ्या ट्रंकेत आहे. म्हणून मी त्या मुलीला नाही म्हटलं. तिला समजावत बसले असते तर तिने बहुतेक तोंडावर हात ठेवला असता आणि मग बाहेर जाऊन मैत्रिणींना सांगितलं असतं. तिचा तरी काय दोष, चांगलं करायला निघालेली पोर. पण त्या गोणीकडे बघून मला नको नको झालं. उद्या ती एखाद्या वाडीत रिकामी होईल, आणि कुणीही कुणाला विचारणार नाही की हे कुणाचं होतं.

हा कागद मी मशीनच्या खणात ठेवून देणार आहे, दुसरं करणार काय. तेवढं एक सांगायचं राहिलं. मी बारावी शिकले आहे. पान घातल्याने कुणी मरत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी दर भादव्यात इथल्या गच्चीवर तुझं पान ठेवते, तेव्हा तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव, वाडीचं नाव, सगळं मोठ्याने सांगते. शेजारच्या बायका बघत राहतात. सांगते ते एवढ्याचसाठी, की पान चुकून त्या तीळवाल्या बाईला पोचू नये. आणि कावळा शिवला की मला बरं वाटत नाही, आये. आधी भीतीच वाटते.