उणे सेहेचाळीसला बंद केलेलं इंजिन

९ जानेवारी

उणे सेहेचाळीस. विमानाच्या इंजिनावर घालायला शहरातून आलेलं नवं आवरण पहिल्याच रात्री तडकलं! सकाळी हात लावला तर वाळक्या पानासारखा चुरा. थंडीपासून वाचवायचं ते आवरण, आणि थंडीनं त्याचेच तुकडे!

आमची जुनी लोकर भरलेली गोधडी साहेबांनी 'जुनाट' म्हणून रद्द केली होती. जाळून टाका, असा हुकूम. साहेबांना फोन केला. "वार्वारा सेम्योनोव्ना, नवं आवरण प्रमाणित आहे." म्हटलं, वादिम पेत्रोविच, इकडे या आणि ते पांघरून एक रात्र झोपा. फोन आदळला — त्यांनी.

गोधडी मी जाळलेली नाही. आज काढली, झटकली, विमानात टाकली. इथल्या धावपट्टीची मुख्य अभियंता मी आहे की ते?

१० जानेवारी

सकाळी स्पीरा निघाला. धाकटा भाऊ आहे माझा, आणि आमच्या एकुलत्या एका विमानाचा वैमानिक. रेनडिअरवाल्यांच्या तळावर पीठ, मीठ, टपाल टाकायचं, परिचारिका अकुलिना लसी टोचणार, की लगेच परत. निघताना बजावलं — उणे चाळीसखाली बाहेर कुठेही इंजिन बंद करायचं नाही. माझ्या परवानगीशिवाय तर नाहीच.

"ताई, हे तू माझ्या लग्नातसुद्धा सांगितलं होतंस."

हस बाबा, हस.

दुपारी रेडिओवर त्याचा आवाज. "इंजिन बंद आहे."

"बंद पडलं?"

"नाही. बंद केलं."

केलं! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "कोणाच्या परवानगीनं?" इतकी ओरडले की घसा अजून दुखतोय. रेडिओची लहर सगळ्यांची एकच, नदीकाठची पाच गावं कान लावून बसलेली असतात. खालच्या गावातून म्हातारा प्रोकोपी मध्येच म्हणतो, "वार्याताई, जरा हळू. माझा चहा सांडला."

"सांडू दे! स्पीरा, कशासाठी बंद केलंस?"

"आत्ता सांगता येत नाही."

न सांगताही कळतं मला! कोणाच्या तरी तंबूत मटण उकळत असणार, चुलीपाशी पाय पसरून बसला असणार. तीस वर्षं उडवतोय. थोड्याच वेळात इंजिनातलं तेल डांबर होतं, हे काय मी सांगायचं?

११ जानेवारी

तेल गरम असतानाच काढून, बादल्यांत भरून तंबूत ठेवलंय म्हणे. एवढी तरी अक्कल शिल्लक आहे. बाकीचं मी रेडिओवरून सांगितलं — शब्द चावून चावून. चुलीचा पत्र्याचा पाइप इंजिनाखाली घे. वरून गोधडी जमिनीपर्यंत सोड, ऊब बाहेर जाता कामा नये. खालचे सिलिंडर गरम होईपर्यंत पंख्याला जोर लावू नकोस.

"वरून कातडी घातलीत, ताई. रेनडिअरची."

"कातडी? गोधडी कुठाय?"

"गोधडी कामात आहे."

कामात! इंजिनाची गोधडी इंजिन सोडून कोणत्या कामात असते? अकुलिनाला बोलाव म्हटलं, तर तीही कामात. सगळे कामात आहेत. मी एकटी इथं रिकामटेकडी!

प्रोकोपी म्हणाला, "ताई, पांघरून झोपला असेल तो." पाचही गावं हसली. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी साहेबांचा फोन. हेच पाहिजे होतं त्यांना. इंजिन कोणाच्या परवानगीनं बंद झालं, याचं उत्तर चौदा तारखेला हवंय. परवानगी नसेल तर स्पीराचा परवाना रद्द. आणि विमान वसंतापर्यंत तिथेच अडकलं तर आमची धावपट्टीच बंद. म्हणजे पाच गावांना ना औषध, ना पीठ. एका माणसाच्या मटणापायी!

भाऊ आहे म्हणून मी खोटं बोलणार नाही. आयुष्यात कधी बोलले नाही.

१२ जानेवारी

वारा. रेडिओवर फक्त खरखर. दोनदा जेवण वाढून घेतलं, दोनदा तसंच उचललं.

१३ जानेवारी

दुपारी आवाज आला. इंजिनाचा — स्वच्छ, एकही ठोका न चुकवणारा. धावत गेले, एक हातमोजा घरीच राहिला. काय काय बोलायचं ते सगळं पाठ होतं.

दार उघडलं. आधी अकुलिना उतरली, मग रेनडिअरवाल्यांची सून तुयारा, अकुलिनाचा हात धरून. आणि तुयाराच्या छातीशी माझी गोधडी!

"अगं, ही इंजिनाची—" एवढंच बोलले. गोधडी हलली. आत तोंड होतं. मुठीएवढं, लालबुंद, आणि माझ्यापेक्षा जास्त संतापलेलं.

अकुलिनानं चालता चालता सांगितलं. तुयाराला दीड महिना आधीच कळा सुरू झाल्या. विमानात झोपवली, इंजिन चालूच होतं. अकुलिनानं पोटावर लाकडी नळी लावली, कान टेकवला — इंजिनाशिवाय काही ऐकू येईना. बाळ आहे की गेलं, कळायला मार्ग नाही. तिनं स्पीराला ओरडून सांगितलं, हे बंद कर.

"त्यानं विचारलंसुद्धा नाही का म्हणून," अकुलिना म्हणाली. "मग बाळाचे ठोके ऐकू आले. मंद, अडखळत. तिला तसंच उडवून आणलं असतं तर बाळ वाटेतच गेलं असतं. पुन्हा पुन्हा कान लावत बसले. तोवर इंजिन गार. मग तिला तुझ्या गोधडीत गुंडाळून तंबूत ठेवली, काल पहाटे बाळ झालं."

म्हणून तो बोलला नाही. जन्मायच्या आधी बाळाचा उल्लेख मोठ्यानं करायचा नाही, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. आणि तोही पाच गावांच्या कानांवर!

स्पीरा सगळ्यात शेवटी उतरला. नाकाचा शेंडा काळा पडलेला, बोटांना फोड. "बोल ताई," म्हणाला, "किती बोलायचं ते बोल."

"हातमोजे घाल," म्हटलं.

१४ जानेवारी

साहेबांचा फोन. "कोणाच्या परवानगीनं?"

म्हटलं, माझ्या.

संध्याकाळी रेडिओवर प्रोकोपी. "ताई, तुमच्या साहेबांनी मलाही विचारलं, दहा तारखेला काय काय ऐकलंत म्हणून. म्हटलं, त्या दिवशी माझा रेडिओ गारठला होता."

मग एकेक करून बाकीची चार गावं. सगळ्यांचेच रेडिओ गारठले होते.