आधी गोळी, मग हात

प्रिय अण्णा,

नमस्कार करून थेट तक्रारीवर येतो. आमच्या अंगणातला कढीपत्ता वारला. तुम्ही माणसांच्या अंगावरून हात फिरवायचात, उतरलेली वाईट ऊर्जा मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात झटकायचात, आणि ते घमेलं नेमकं त्याच्याच बुंध्याशी उपडं करायचात. माणसं बरी झाली की नाही, त्यांनाच ठाऊक. झाड मात्र निश्चित गेलं. तुमच्या चिनी शास्त्रात याला काही प्रायश्चित्त आहे का?

पण पत्राचं कारण ते नाही. ज्या खाटेवर तुम्ही माणसांना निजवायचात, तुमच्यामागे रिकामी असलेल्या त्या खाटेवर आज वहिनी आडव्या झाल्या, आणि तुमच्या स्टुलावर त्यांनी मला बसवलं.

आठवतं का, एसटीतून निवृत्त झालात आणि पुण्याच्या शिबिरातून ही विद्या घेऊन आलात? जन्मभर तिकिटं फाडलेला हात एकाएकी ऊर्जा वाटू लागला. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती वाहते, ती तुंबली की दुखणं येतं, अंगाला न लावता वीतभर वरून हात फिरवला की वाट मोकळी होते, असं तुम्ही केजच्या बाजाराला आलेल्या प्रत्येकाला समजावायचात. मी म्हणायचो, अहो, हा तर आपलाच प्राण, त्यासाठी चीनपर्यंत कशाला जायचं? त्यावर तुम्ही शांतपणे म्हणायचात, “बापू, तुझा प्राण पोथीत बसतो. माझा चालतो.”

एका गोष्टीची मात्र मी कधी चेष्टा केली नाही. कुणीही आलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, डॉक्टरची गोळी घेतली का? नसेल घेतली तर पाण्याचा तांब्या पुढे. गोळी तुमच्यासमोर पोटात गेल्याशिवाय हात उचलायचा नाहीत. सिरसाळ्याचा तो किराणावाला दर खेपेला चिडायचा, गोळीच गिळायची तर तुमच्याकडं कशापायी येऊ म्हणायचा. आणि तरी यायचा!

वहिनींच्या छातीत दुखतंय, अण्णा. कळशी उचलली की धाप लागते, डावा हात जड होतो. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बीडला जाऊन हृदय तपासून घ्या, उशीर करू नका, असं बजावलं. वहिनी ऐकेनात.

“बीडला न्हाई यायची मी. हे चालत गेलते तिथं. कसे आणले, तुमी बघितलं हाय.” मग म्हणाल्या, “भावजी, तुमीच ठिवा हात. एकाच आईचं दूध प्यालात की.”

यावर कुठलं शास्त्र काढू? विद्या दुधातून येत नाही, शिकावी लागते, हे सांगून पाहिलं. निदान गोळी घ्या म्हटलं, तीही नको. तुमच्यासारखं अडून बसणं मला कुठं जमतं? बसलो, डोळे मिटले, वीतभर वर हात धरले. तुम्ही मनात काय म्हणायचात ठाऊक नाही, म्हणून मी रामः रामौ रामाः चालवलं. षष्ठी विभक्तीपर्यंत पोचलो तोच वहिनींनी सुस्कारा सोडला.

“लई बरं वाटतंय. ह्यांचाच हात जणू.”

उठल्या आणि भाकरी थापायला बसल्या. तुम्ही हसत असाल. मला हसू आलं नाही. संध्याकाळी पुन्हा बीडचं काढलं, तर म्हणतात, आता कशाला? उद्या परत हात ठेवा.

माझ्या हातात काही नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या हातात होतं का, हे तुम्हाला कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

शब्द देतो. उद्या सकाळी पहिली जीप मिळेल तिनं त्यांना बीडला नेतो. रुसल्या, रडल्या, तुमची शपथ घातली, तरी परत फिरणार नाही. वाटेत हात मागितला तर देईन. वीतभर वरून नाही, चांगला घट्ट.

आज त्यांना बरं वाटलं, अण्णा, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. माझ्या हातामुळे उशीर झाला तर?

तुमचा धाकटा,
बापू